सागवानी मूठ

"परत सात," दुर्बिणीवरचा डोळा न काढता खंडेराव सर म्हणाले. "परत डावीकडे, परत खाली."

तेजलनं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि तळहात ट्रॅकपँटला पुसला. आज शुक्रवार. रविवारी पुण्याला राज्याची निवड चाचणी. दोन महिन्यांपूर्वी हे एअर पिस्तूल नवंकोरं हातात आलं तेव्हा सर म्हणाले होते, हजारभर छर्रे गेल्याशिवाय ते माणसाळायचं नाही. हजार गेले, वर चारशे गेले. पिस्तूल केव्हाच माणसाळलं होतं. अडलं होतं ते तिच्या पप्पांपाशी.

पिस्तुलाची मूळची मूठ तिच्या पंजाला मोठी पडायची. तिचे वडील सोमनाथ, सातपूरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर. विकतची नको म्हणाले आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी मोबाइलवर कीर्तन लावून सागवानाची मूठ घडवत बसले. बुवांचा पूर्वरंग संपेपर्यंत जाडा पॉलिश पेपर, उत्तररंगाला बारीक, आणि आरती सुरू झाली की जवसाच्या तेलाचा हात. मूठ अशी उतरली की शेजारचे येऊन नुसता हात फिरवून जायचे. आणि घाम आला रे आला की तीच मूठ तेजलच्या पंजातून साबणासारखी सरकायची.

खरखरीत कर, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तिनं घरी तसं म्हटलं तर पप्पा हसले, खरखरीत काम आपल्याकडून व्हायचं नाही म्हणाले. मग ती इथंच सरांच्या कानशीनं मूठ खरवडायला लागली. संध्याकाळी पप्पा ती बाहेर काढत, ओरखडे बघून चुकचुकत, बॅगेच्या चेनीला बोल लावत आणि कीर्तन लावून पुन्हा घासायला बसत. गेल्या आठवड्यात तर त्यांनी आईकडून तिचा हिरवा ब्लाउजपीस बॅगेला आतून अस्तर म्हणून लावून घेतला. एवढं झाल्यावर तोंड उघडायचं तरी कसं?

"काल माझ्यासमोर खरवडलीस ना?" सरांनी विचारलं.

"हो."

"मग ही आरशासारखी कशी?"

ती डबीतले छर्रे मोजायला लागली. सरांनी मग जे सांगितलं ते तिला पाठच होतं. असेच सात पडत राहिले तर निवडीला लागणारे सहाशेपैकी पाचशे पस्तीस होणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी ज्युनिअर गटाचं वय उलटलेलं असेल.

तेवढ्यात पहिली पाळी संपवून सोमनाथ दारात आले. हेल्मेट काखेत, डबा हातात. कसं चाललंय विचारलं, उत्तराची वाट न बघता टेबलापाशी गेले आणि खिशातल्या रुमालानं मुठीवरचा घाम मायेनं पुसू लागले.

"पप्पा, पुसू नका." तेजलचा आवाज चढला नव्हता, पण दात घट्ट होते. "रोज मी ती खरवडते आणि रोज तुम्ही गुळगुळीत करता. माझ्या हातात राहतच नाही ती."

सोमनाथांचा रुमाल थांबला. "तू खरवडतेस?"

"मीच."

सर घसा खाकरून काहीतरी समजुतीचं बोलणार होते. त्यांना हातानंच थांबवून सोमनाथांनी पावत्यांवर मारायच्या शिक्क्याचं पॅड मागितलं. पिस्तूल रिकामं असल्याचं सरांकडून बघून घेतलं. मग म्हणाले, "हात दे."

तिचा तळहात त्यांनी पॅडवर दाबून निळा केला आणि नेम धरतेस तशी धर म्हणाले. कारखान्यात दोन लोखंडी भाग एकमेकांवर नीट बसतात का, हे ते असंच बघत. एकाला निळं लावायचं, दुसऱ्यावर दाबायचं, निळं उमटेल ते उंच. तिनं धरली, सोडली. पिवळ्या सागावर तीनच डाग उमटले होते. अंगठ्याखाली एक, दोन बोटांशी. बाकी तळवा लाकडाला लागलाच नव्हता.

"तीन आठवडे घासली," सोमनाथ पुटपुटले. "तुझा हात एकदाही मागितला नाही मी."

त्यांनी स्क्रू काढून मूठ वेगळी केली, सरांची भरड कानस घेतली आणि पहिला घाव घातला. तेल प्यायलेली चकचकीत साल भुशासारखी उडाली. डाग उतरवले, पुन्हा निळं लावलं, पुन्हा उतरवलं. पूर्ण पंजा उमटला तेव्हा कानशीच्या टोकानं सगळ्या अंगावर आडवेउभे ओरखडे ओढले. मधल्या सुट्टीत पोरानं बाक कोरावा, तशी मूठ दिसायला लागली.

त्यांनी मूठ पुन्हा स्क्रूनं बसवली आणि तेजलनं पिस्तूल उचललं. पहिले दोन आठ. मग नऊ. मग दहा. पुन्हा नऊ. पुढचा दहा पडल्यावर सर नुसती मान डोलवत राहिले.

सोमनाथांनी टार्गेटकडे पाहिलंच नव्हतं. लेकीनं पिस्तूल खाली ठेवताच ते टेबलाशी आले, मुठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि काटा रुतल्यासारखा मागे घेतला.

"तेजू," ते हळूच म्हणाले, "रविवारी कुणी विचारलं, मूठ कुणी केली, तर माझं नाव सांगू नको."