अभिनंदन सर

सोमवारी दुपारी साडेबाराला मोहिनी देवरेने कँटीनच्या टेबलावर आपला मोबाईल आपटला. वाल्मीकनानांच्या डब्यातलं ताक हिंदकळलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

नानांनी मोबाईल लांब धरून पाहिला. लिंक्डइनवर प्लांट हेड रविराज सरांची गेल्या सोमवारची पोस्ट होती. फोटोत सर, मागे ड्रिलिंग मशिन आणि त्यावर नवं फिक्स्चर, म्हणजे भोक पाडताना गिअरबॉक्सचं झाकण घट्ट धरून ठेवणारा पोलादी साचा. खाली सरांचे शब्द: माझी कल्पना, माझं डिझाइन, खराब मालाचं प्रमाण निम्म्यावर. त्याखाली कामगारांच्या अभिनंदनाची रांग. रांगेत सर्वांत पुढे वाल्मीक गांगुर्डे, फोरमन.

"सगळ्यांनीच लिहिलंय, ताई."

"मी सगळ्यांचं विचारत नाहीये."

"आता सोमवारचं लिवावंच लागतं. तुला माहीत नाय का?"

तिला माहीत होतं. अंबडच्या या कारखान्यात एचआरने हेल्परपासून फोरमनपर्यंत प्रत्येकाला खातं उघडून दिलं होतं. सोमवारी सरांची पोस्ट यायची. जेवणाच्या सुट्टीत ती लाइक करायची, खाली दोन शब्द टाकायचे आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर पाठवायचा. पोस्ट कशाबद्दल आहे हे कुणी वाचत नसे. मागच्या माणसाने काय लिहिलं तेच पुढचा लिहायचा.

मोहिनी समोर बसली आणि आवाज खाली आणला.

"सकाळी चाकणहून फोन होता. ज्या कंपनीत मी गेल्या आठवड्यात मुलाखत दिली, तिथल्या एचआरच्या बाईंचा. माझ्या प्रोफाइलवर हे फिक्स्चर माझं काम म्हणून आहे आणि सरांच्या पोस्टमध्ये त्यांचं म्हणून. बाई म्हणाल्या, एक तर ते खोटं बोलतायत, नाही तर तुम्ही. आणि त्यांच्या खाली अख्खा कारखाना सही करून बसलाय."

"अरे देवा."

"सोबत काम केलेल्या कुणाची तरी शिफारस पाच वाजेपर्यंत प्रोफाइलवर दिसली पाहिजे. नाही तर नाव कटलं. नाना, या फिक्स्चरची पूजा झाली तेव्हा नारळ कुणी फोडला?"

नाना भाकरीचा तुकडा मोडत राहिले. या कारखान्यात जो साचा बनवतो तोच पहिल्या दिवशी नारळ फोडतो. दोघा-तिघांनी बाईमाणूस म्हणून कुरकुर केली होती. नानांनीच त्यांना गप्प करून नारळ तिच्या हातात दिला होता. तेव्हा सर मुंबईला होते.

"तू फोडला."

"मग तेवढंच लिहा."

"ताई, मी रिटायर झालेला माणूस. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीवर सरांची सही झाली तर मी इथं. लय अवघड करू नको."

"माझं सोपं आहे का?"

तेवढ्यात एचआरच्या दिशा मॅडम आत आल्या. हातात मोबाईल, चेहऱ्यावर नेहमीचं हसू.

"चला, आजचे स्क्रीनशॉट टाका पटापट. सावळीराम, फक्त अंगठा नको, दोन शब्द पण लिही. मागच्या वेळी वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्यास सरांना."

"वाढदिवस नव्हता होय?" सावळीराम म्हणाला. टेबलं हसली.

दिशा मॅडम मोहिनीजवळ थांबल्या. "आणि तू गं? मागच्या सोमवारी रजेवर होतीस ना? त्या फिक्स्चरच्या पोस्टवर अख्ख्या प्लांटमध्ये तुझंच अभिनंदन राहिलंय. आत्ता टाकतेस का, म्हणजे माझं शंभर टक्के होईल."

मोहिनी उठली. खुर्ची मागे पडली.

"कशाचं अभिनंदन करू, मॅडम? माझं काम चोरल्याचं?"

दिशा मॅडमनी आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं.

"मोहिनी, हळू बोल."

"ड्रॉइंग माझं. फिटिंग माझं. दोन महिने रविवारीसुद्धा मी इथे होते. इथल्या प्रत्येकाने पाहिलंय." ती टेबलांकडे वळली. "पाहिलंय की नाही? खाली कशाला बघताय सगळे? अंगठा दाबताना मान वर होती ना तुमची?"

कुणीच वर पाहिलं नाही. सावळीराम पाण्याचा ग्लास फिरवत राहिला.

"हे मला सरांना सांगावं लागेल," दिशा मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या. हसू तसंच होतं.

मोहिनीने मोबाईल उचलला. नानांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"मी लिवलेलं खोडता येतं का?"

"तुमच्या फोनवरून येतं."

नानांनी स्वतःचा फोन काढला. हात धुतलेले नव्हते. तिने दाखवलं तिथे त्यांनी बोट दाबलं आणि अभिनंदन गेलं. मग तिची प्रोफाइल उघडून शिफारशीच्या रकान्यात ते एकेक अक्षर शोधत टाइप करत राहिले. ती मदतीला वाकली नाही. त्यांनी लिहिलं: 'हे फिक्स्चर मोहिनी देवरे यांनी बनवले. मी फोरमन आहे, समोर होतो. आधी दुसऱ्याचे अभिनंदन केले ते न वाचता केले.'

"चालंल?"

तिने मान हलवली. आभार मानले नाहीत. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि नाना डबा तसाच झाकून मशिन शॉपमध्ये गेले.

सव्वातीनला सरांची गाडी आवारात शिरली. दिशा मॅडम फाइल न घेताच त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार लागलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मोहिनीने प्रोफाइल उघडली. शिफारस जागेवर होती. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रोफाइल एकाच व्यक्तीने पाहिली होती. पाहणाऱ्याने नाव आणि कंपनी लपवली होती. साइटवर एवढंच दिसत होतं: मनुष्यबळ विभाग. म्हणजे एक तर चाकणच्या बाई, नाही तर दिशा मॅडम.