वाचनालयाचं घड्याळ

“एकदा चारचौघांना दाखवलेली वस्तू स्पर्धेत नको,” समितीतले प्लायवुडचे दुकानदार, प्लायवाले, म्हणाले. “नियम आहे तसाच राहू दे, बाई. तुम्ही पंच व्हा. मानानं खुर्चीत बसा.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळल्यामुळे सगळेच त्यांना बाई म्हणत. वाचनालयाच्या समितीपुढे त्या आज पहिल्यांदाच भांडायला आल्या होत्या, आणि खुर्चीचं हे आमंत्रण त्यांना चांगलंच झोंबलं. बोटांचे सांधे धरलेत, आता हिच्यानं काही होत नाही, असाच त्याचा अर्थ.

वाचनालयानं लाकडी घड्याळांची स्पर्धा जाहीर केली होती. जिंकणारं घड्याळ वाचनकक्षात, दारासमोरच्या भिंतीवर कायमचं लागणार होतं. बाईंकडे घड्याळ तयार होतं. प्रत्येक चाक तीन मिलिमीटरच्या प्लायमधून हातानं कापलेलं, दाता न् दाता घासलेला. पण तीन वर्षांपूर्वी भाचीनं त्याचे फोटो आणि मापं छंदवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकली होती, आणि नियमाप्रमाणे पूर्वी कुठेही दाखवलेली कृती बाद होती. नवं करायचं म्हटलं, तर आता हातात करवत ठरत नव्हती.

“एकानं वाचलेलं पुस्तक तुम्ही दुसऱ्याला देता ना?” त्यांनी ग्रंथपालांना विचारलं. “का ते शिळं होतं?”

ग्रंथपाल हसले. बाकीचेही हसले. प्लायवाले तेवढे हसले नाहीत.

“तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, बाई.”

“कारण सांगा, मग माझं भलं मी ठरवते.”

प्लायवाले घुटमळले. दुकानदाराला सगळंच बोलता येत नाही, असं काहीतरी पुटपुटून त्यांनी पाण्याचा पेला उचलला. हात वर करून मतं घेतली गेली. चार विरुद्ध एक. नियम बदलला.

घरी भाचीनं बातमी ऐकून मावशीला निवडणुकीला उभं राहण्याचा सल्ला दिला. बाईंना मात्र दम नव्हता. चप्पलसुद्धा न काढता त्यांनी कपाटावरून घड्याळ खाली घेतलं.

मोठ्या चाकाच्या उजव्या बाजूला एक पान कोरलेलं होतं. फोटो पाहणारा प्रत्येक जण त्या पानाची तारीफ करी. ते नक्षीकाम नव्हतंच, हे फक्त मावशी-भाचीला ठाऊक होतं. भोक पाडताना ड्रिल घसरलं, चीर पडली, आणि ती लपवायला बाईंनी चिरेचं पान केलं. मापांच्या कागदावरही मग ते पान आलं. आता त्यांना सगळ्या घड्याळात तेच सर्वात आवडत होतं. पुस्तकातून मान वर केली की वाचणाऱ्याला समोर ते पान दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

एक दोष राहिला होता. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडे. ग्रुपवर कुणीतरी कळवलं होतं की लंबक दीड मिलिमीटरनं आखूड करा, वेळ बिनचूक होईल. बाईंनी आभार मानले होते, पण लंबकाचं टोक पक्कं चिकटवलेलं. सोडवायला जावं आणि मोडून बसावं, त्यापेक्षा राहू दे. स्पर्धेत पाच मिनिटांपर्यंतची चूक माफ होती.

असे निरोप बरेच येत. कोणी दात्यांची संख्या विचारी, कोणी चिकटवायला सरस कोणता लावला ते. लोकांना केवढं कुतूहल, म्हणत बाई हौसेनं एकेकाला उत्तर लिहायच्या.

खाली बैठकीला लावण्यासाठी त्यांना वीतभर पातळ प्लाय हवा होता. भाचीला प्लायवाल्यांच्या दुकानात पाठवलं, तर ती हात हलवत परत आली.

“तीन मिलिमीटरचा एक तुकडाही शिल्लक नाही म्हणे. यंदा त्यालाच फार उठाव आहे. आणि ते काका तुला विचारत होते, पंच व्हायचं अजून मनात येतं का.”

“त्यांना म्हणावं, चिकाटी लाकडात दाखवा.”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक स्पर्धकाला वेगळी वेळ दिली होती. घड्याळ टेबलावरच्या चौकटीला अडकवायचं, ग्रंथपालांच्या घड्याळाबरोबर मिळवायचं, वरून कापड सोडायचं आणि निघायचं. एक दिवस चालल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला, सगळी कापडं एकदम निघणार होती.

त्या सकाळी बाई साडेनऊलाच पोचल्या. तेवीस टेबलं, तेवीस पांढरी कापडं. दारातच त्या थबकल्या. हॉलभर टकटक चालली होती, आणि ती इतकी ओळखीची वाटली की आपण घरीच आहोत असं क्षणभर वाटलं. हा आपल्याच कानांचा उतावीळपणा, असं त्यांनी मनाला समजावलं. भाचीनं हात धरून त्यांना आत नेलं.

प्लायवाले समोरून आले. पंचांच्या रांगेत एक खुर्ची अजून मोकळी ठेवलीय, म्हणाले.

“आता कशाला?” बाई हसून म्हणाल्या. आज त्यांना कोणाचाच राग येत नव्हता.

“गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नाही, हा माझा धर्म,” प्लायवाले हळूच म्हणाले. “नाहीतर त्याच दिवशी सांगितलं असतं.”

बाई काही विचारणार, तोच ग्रंथपालांनी हात वर केला. प्रत्येक स्पर्धकानं आपापल्या कापडाचं टोक धरलं. बाईंनी डोळे मिटून ओढलं. मग हळूच उघडले.

बावीस घड्याळांत बरोबर दहा वाजले होते. त्यांच्या एकट्यांच्या घड्याळात चार मिनिटं कमी होती. आणि तेवीसच्या तेवीस मोठ्या चाकांवर, उजव्या बाजूला, एक पान होतं.