दोन मिनिटांचा कारकून

“नमस्कार, मी बंदराचा कारकून. कोणाला शोधायचंय?” स्क्रीनवरचा माणूस हसून म्हणाला.

“आमच्या ह्यांना. पहाटे होडी घेऊन गेलेत, अजून आले नाहीत,” भानुमती म्हणाली.

“नाव?”

“निलूचे बाबा.”

“त्यांचं स्वतःचं नाव सांगा.”

भानुमती पदर चाळवत बसली. दोन मिनिटं भरली आणि कारकून विझला. त्याच्या जागी नवा आला, कोरा करकरीत. “नमस्कार, कोणाला शोधायचंय?”

“आये, आपण आल्यापासून हा चौथा मेला!” निलू किंचाळली. “दोन मिनिटंच जगतात हे यंत्रातले कारकून. नवऱ्याचं नाव घे ना! नोंद तुझ्या आवाजाची आहे, माझा चालत नाही.”

“लग्नापासून कधी घेतलंय का मी?”

“मग बुडू दे बाबांना!”

भानुमतीनं डोळे गच्च मिटले. “हरबा! हरबा तांडेल!”

शोधासाठी बंदराचा ड्रोन समुद्राकडे उडाला. पण कारकून विझला की तो मागे फिरायचा, नव्याला नाव सांगितलं की परत पुढे जायचा. भानुमती प्रत्येकाला पहिल्या दमात नाव सांगू लागली. ड्रोनच्या भोंग्यातून तिची हाक समुद्रावर घुमत होती. घसा बसला तरी ती थांबेना.

शेवटी स्क्रीनमधून खरखरता आवाज आला, “इंजिन बंद पडलंय माझं. पण कोण बया माझ्या नावानं बोंबलतेय?”