नारळाने निवडलेली शाळा

भिकोबा पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून पंचक्रोशीत साठ विहिरी सांगितल्या होत्या. नारळ उभा राहिला की खाली पाणी. मग लेकीची शाळाही त्याने नारळानेच निवडली, यात नवल ते काय? टायवाल्या शाळेच्या अंगणात नारळ घोरत पडला. झेडपीच्या शाळेत मात्र असा ताडकन उठला, की बाईंच्या हातातला खडूच पडला.

वेणूचं नाव तिथेच घातलं. भिकोबाला अक्षरओळख नव्हती. पण रोज संध्याकाळी तो तिच्यापुढे मांडी ठोकून बसायचा. म्हणायचा, "शिकलीस ते मला शिकव."

सातवीत वेणू म्हणाली, "आबा, बाई सांगतात, तपासल्याशिवाय काही मानायचं नाही. तुमचा नारळ तपासू?"

"तपास की."

तिने सगळ्या गावादेखत बापाचे डोळे बांधले आणि त्याला गोल गोल फिरवून तुडुंब भरलेल्या विहिरीच्या काठाशी नेऊन उभं केलं. नारळ ढिम्म. गाव खदखदून हसलं.

"अहो, पोरीनं आपल्याच पोटावर पाय दिला," बायको कळवळली.

भिकोबाने डोळ्यांवरची पट्टी काढली. पायाशी तुडुंब पाणी दिसलं. मग नारळ काठावर आपटून फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा वेणूच्या तोंडात घातला.

"हसताय कुणाला?" तो गावाला म्हणाला. "तीस वर्षं माझ्या शब्दावर विहिरी खणताय. एकाच्या तरी डोक्यात आलं का, ह्याला तपासावं म्हणून? माझ्या पोरीच्या आलं."