माणशी वीस हजार श्वास

हवा-पुरवठा कार्यालयात त्र्यंबक घोलप शिरला, तसे डोईफोडे साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी वाकून हात जोडले. त्यांच्या मागच्या भिंतीवर घोलपचीच तीस वर्षांपूर्वीची विनोदी विज्ञानकथा चौकटीत घालून टांगलेली होती.

"सर, आमच्या खात्याची सगळ्यात लाडकी कथा! माणशी रोज वीस हजार श्वास, मग नळी बंद. ही योजना तिच्यातनंच सुचली."

जन्मभर लोकांनी त्याला विचारलं होतं, तुमच्यावर कुणाचा प्रभाव? तुमचा प्रभाव कुणावर पडतोय, हे एका गाढवानंही विचारलं नव्हतं.

"बायकोला दमा आहे," घोलप म्हणाला. "तिचे श्वास दुपारी चारलाच संपतात. काल निळी पडली होती. शेजारणीनं आपली नळी तिच्या तोंडाला लावली म्हणून वाचली. आजाऱ्यांना सवलत द्या."

"कथेत सवलत नाही, सर."

सवलत होती. पहिल्या खर्ड्यात होती. शेवटचा विनोद ढिला पडतो म्हणून त्यानंच तो परिच्छेद खोडला होता.

"कागद द्या. आत्ता लिहून देतो."

तिथंच उभ्या उभ्या त्यानं पान भरलं. त्यात दम्याची बाई चारनंतरही श्वास घेत होती. साहेबांनी ते मन लावून वाचलं आणि हळहळत परत केलं.

"पहिल्यासारखं हसू येत नाही, सर."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.