चौदाव्या मिनिटाचा माणूस

"मिनिट आणि सेकंद कुठे आहेत?" उत्तराबाईंनी संदर्भसूचीतल्या तेविसाव्या नोंदीभोवती पेन्सिलीनं गोल काढला. "दिग्दर्शक आहे, साल आहे, संस्थेचं नाव आहे. हा माहितीपट तू पाहिलास कुठे?"

"पाहिला नाही, मॅडम," कृतिका म्हणाली.

उत्तरा प्रधान कृतिकाच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. निवृत्त झाल्यावरही नौपाड्यातल्या घरी त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ओळीन् ओळ तपासत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"न पाहिलेल्या चित्रपटाचा संदर्भ दिलास?"

"माझ्या आजीनं पाहिलाय. एकोणऐंशी साली आमच्या कोलशेतला मिठागरावर शूटिंग झालेलं. नंतर एकदाच गावात पडदा लावून दाखवला. तिला सगळा पाठ आहे."

"मग ती आजीची मुलाखत म्हणून जाईल. चित्रपट म्हणून नाही. आणि तसं केलंस तर चौथं प्रकरण उभं राहत नाही."

ते कृतिकालाही ठाऊक होतं. अख्खं प्रकरण एका दृश्यावर होतं. मिठागरातले मजूर पडद्यावर नेहमी खाली मान घालून राबताना दिसतात. इथे मात्र एक मजूर फावडं थांबवतो, वळून सरळ कॅमेऱ्याकडे बघतो आणि हसतो. तो मजूर म्हणजे तिचे आजोबा, दगडू भोईर.

"बरं," ती म्हणाली आणि कागद पिशवीत भरले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दिवाळीत पप्पा गेले तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी ती संदर्भसूची घेऊन बसली होती. आई रडायची, आत्या रडायची. कृतिका स्वल्पविराम तपासायची.

घरी आल्यावर तिनं फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि आजीला पुन्हा सगळं सांगायला सांगितलं. आजी, आवडाबाई, बाल्कनीत बसल्या होत्या. समोर खाडी होती. खाडीच्या अलीकडे पूर्वी मिठागर होतं तिथे आता टॉवर होते. त्यातल्याच एकात, नवव्या मजल्यावर, भोईर राहत.

"पयल्यांदा खारी दिसतं," आवडाबाई म्हणाल्या. "मग बांद. मग बाया पाट्या घेऊन येतान. मग तो वलतो."

"आणि?"

"हसतो. आमच्याकरं बगून हसतो."

पुढचंही सगळं त्यांनी सांगितलं. मागच्या वेळेसारखंच, त्याच क्रमानं. आवडाबाई फक्त 'तो' म्हणायच्या. जुनी बाई, नवऱ्याचं नाव कशी घेईल? प्रबंधात ते नाव कृतिकानंच लिहिलं होतं. आजोबा ब्याऐंशी साली खाडीत बुडाले. त्यांचा एकही फोटो नव्हता. पप्पांनाही बापाचा चेहरा धड आठवत नसे. ते म्हणायचे, "कायतरी करून तो पिच्चर शोध गं. एकदा बघायचंय मना."

तिनं पुण्यातल्या एका संग्रहाला तिसरं पत्र पाठवलं. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नव्हतं. या वेळी सहा आठवड्यांनी आलं. डबा सापडला होता, रीळ शाबूत होतं. फाइल पाठवत होते.

उत्तराबाई रविवारी रिक्षा करून स्वतः कोलशेतला आल्या. "मूळ बघितल्याशिवाय मी सही करत नाही," त्या म्हणाल्या. पण हातात आवडाबाईंसाठी मोगऱ्याचा गजरा होता.

कृतिकानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. आवडाबाईंना मधे बसवलं.

खाडी दिसली. मग बांध. मग पाट्या घेतलेल्या बायका. सगळं आजीनं सांगितलं तसं, हुबेहूब. उत्तराबाई वहीत वेळा टिपत होत्या. पाचव्या मिनिटानंतर त्यांनी मान वर करून आवडाबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागल्या.

चौदाव्या मिनिटाला मिठाच्या ढिगापाशी एक उघडाबंब तरुण फावडं चालवत होता. तो थांबला. वळला. डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसला.

कृतिकानं चित्र थांबवलं.

पुढच्या दोन दातांमधली फट. हसताना डावीकडे जाणारा ओठ. उजव्या गालावरची खळी. पप्पांच्या लग्नाच्या फोटोतून कुणी हा चेहरा कापून मिठागरात नेऊन ठेवावा, इतका तोच.

"पप्पा," ती म्हणाली. "मॅडम, हे अगदी पप्पाच आहेत."

मग तिच्या घशातून एक आवाज आला. तिला तो स्वतःचा वाटला नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा ती रडत होती, नाक पुसत, खांदे हलवत. उत्तराबाईंनी वही मिटली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"प्रकरण राहील," त्या म्हणाल्या. "चौदा मिनिटं, बावीस सेकंद. चित्र छापणार असशील तर खाली पूर्ण नाव हवं." त्या आवडाबाईंकडे वळल्या. "आजी, नाव घ्यायला लावते, राग मानू नका. पण नोंद तुमच्या तोंडून व्हायला हवी. यांचं नाव काय लिहू?"

आवडाबाई टीव्हीकडेच बघत होत्या. "नाथा," त्या म्हणाल्या.

कृतिका रडता रडता हसली. "आजी, अगं आजोबांचं नाव दगडू होतं ना?"

"तुजा आजा तो मागं हाय," आवडाबाई म्हणाल्या. "पाटी घेतलेला, पाठमोरा."