आतल्या खोलीतलं नेट

नेट दुरुस्त करणारा आला तेव्हा बाई लॅपटॉप तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन बसली होती.

“दादा, याचा नेट जोडणारा ड्रायव्हर गेलाय म्हणे. महिना झाला, व्हिडिओ कॉलवर आईचं तोंड दिसलं नाही. तिकडे ती अंथरुणाला खिळलीय.”

“गेला तर नवा टाकू, ताई. तो काही पगार मागत नाही,” तो हसला.

पण ड्रायव्हर ठणठणीत होता. खोलीखोलीत एकेक राउटर, हातात हात धरून फेर धरावा तसे जोडलेले. कोपऱ्यातला कॅमेरासुद्धा त्याच नेटवर खुशाल चालत होता. मग त्याने राउटरची सेटिंग उघडली. घरातल्या या एकाच लॅपटॉपला कुणीतरी मुद्दाम बंदी घातली होती.

“ड्रायव्हर गेलाय, असं कोण म्हणालं?”

“आमचे हे.”

हाताच्या सवयीने त्याचं बोट फिरलं, बंदी उठली. बाईने लगेच आईला कॉल लावला. पडद्यावर म्हातारीचा चेहरा उमटला. “किती वाळलीस गं, बाळे!” लेक हसता हसता रडू लागली.

बंदी उठली की ती घालणाऱ्याच्या मोबाइलवर तसा संदेश जातो, हे त्याला ठाऊक होतं. आठवलं मात्र कॅमेऱ्यातून नवऱ्याचा आवाज आला तेव्हा.

“कोण आलंय घरात?”

बाईने लॅपटॉप मिटला. आई अर्ध्या शब्दावर राहिली.

“नेटवाले आहेत. दुरुस्त होत नाही म्हणतात,” ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. मग मान खाली घालून, अगदी हलक्या आवाजात, “दादा, होतं तसं करून द्या.”